निवडणूक हरल्यावर पक्ष नवा नेता कसा निवडतो? सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. सातारा जिल्ह्यात आठच्या आठ जागा महायुतीला गेल्या, सांगलीत आठपैकी पाच. त्या संध्याकाळपासून "आता अध्यक्ष बदलणार का?" हा प्रश्न जो सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतं, कुणी लग्नात पंगतीत बसल्यावर. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. उदाहरणं जमतील तिथे आपल्याच दोन जिल्ह्यांतली घेतली आहेत. ती शोधायला लांब जावं लागत नाही.

१. "पक्षाने नवा नेता निवडला" म्हणजे नक्की कोण? अध्यक्ष, गटनेता की विरोधी पक्षनेता?

निम्मा घोळ इथेच होतो. खुर्च्या तीन आहेत.

पहिली संघटनेची. राज्यात प्रदेशाध्यक्ष, जिल्ह्यात जिल्हाध्यक्ष. या माणसाला आमदार असण्याची गरज नाही. दुसरी सभागृहातली. पक्षाच्या आमदारांचा म्होरक्या तो विधिमंडळ गटनेता, आणि त्याच्याबरोबर पक्षादेश (सभागृहात मत कुठे द्यायचं याचा हुकूम) काढणारा प्रतोद. तिसरी विरोधी पक्षनेत्याची, आणि ती पक्षाच्या हातात नाहीच. विधानसभेच्या अध्यक्षांनी मान्यता दिली तरच ती मिळते (प्रश्न १० पाहा).

२०२४ च्या पराभवानंतर काँग्रेसने १३ फेब्रुवारी २०२५ ला हर्षवर्धन सपकाळ यांना प्रदेशाध्यक्ष केलं आणि विधिमंडळ पक्षाचं नेतेपद विजय वडेट्टीवार यांना दिलं. शरद पवारांच्या राष्ट्रवादीत गटनेतेपद जितेंद्र आव्हाडांकडे आणि मुख्य प्रतोदपद तासगावच्या रोहित पाटलांकडे निकालानंतर लगेच गेलं. प्रदेशाध्यक्ष मात्र जुलै २०२५ मध्ये बदलला. म्हणजे एकाच पराभवानंतर एका पक्षात दोन खुर्च्या वेगवेगळ्या वेळी हलल्या. बातमी वाचताना आधी खुर्ची कोणती ते बघा.

२. हरल्यावर अध्यक्षाने राजीनामा द्यायलाच पाहिजे असा नियम आहे का?

नाही. कायद्यात नाही, पक्षांच्या घटनांतही नाही. तो लाजेकाजेचा मामला आहे, आणि लाज प्रत्येक पक्षात वेगळ्या मापाने मोजली जाते.

ऑक्टोबर २००४ मध्ये भाजप महाराष्ट्रात हरला आणि राष्ट्रीय अध्यक्ष व्यंकय्या नायडू पायउतार झाले, लालकृष्ण अडवाणी आले. २०२४ च्या लोकसभेला भाजपच्या राज्यातल्या जागा २३ वरून ९ वर आल्या, तेव्हा देवेंद्र फडणवीसांनी सरकारमधून मोकळं करण्याची विनंती केली. पक्षाने ती मानली नाही आणि पाच महिन्यांनी तोच पक्ष १३२ आमदार घेऊन आला. काँग्रेसचे नाना पटोले स्वतः साकोलीतून अवघ्या २०८ मतांनी वाचले होते. त्यांनीही मोकळं करा म्हणून सांगितलं, आणि पुढे त्यांच्या जागी सपकाळ आले.

३. राजीनामा दिल्याची बातमी आली, पण तेच साहेब अजून बैठका घेतायत. हे कसं?

राजीनामा "दिला" आणि "स्वीकारला" यात आपल्याकडे महिनेच्या महिने जातात. दुसरा माणूस नेमला जाईपर्यंत सही जुन्याचीच चालते. हे गैर नाही, कुणीतरी पत्रं काढायला लागतातच.

सगळ्यात मोठा नमुना काँग्रेसचा. २०१९ च्या लोकसभेनंतर राहुल गांधींनी मे महिन्यात कार्यकारिणीत राजीनामा दिला, ३ जुलैला पत्र जाहीर केलं, १० ऑगस्टला सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष झाल्या आणि हे हंगामीपण तीन वर्षं चाललं. उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. शरद पवारांनी २ मे २०२३ ला अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि ५ मे ला निर्णय मागे घेतला. (त्यामागे निवडणुकीतला पराभव नव्हता, पण जाहीर झालेला राजीनामाही परत फिरतो एवढं त्यातून कळतं.)

४. प्रदेशाध्यक्षासाठी मतदान होतं का? आम्ही तर कधी बघितलं नाही.

तुम्ही बघितलं नाही कारण जवळजवळ कधी होत नाही.

काँग्रेसमध्ये रीत अशी: प्रदेश प्रतिनिधींची बैठक भरते, "प्रदेशाध्यक्ष नेमण्याचे सर्वाधिकार माननीय राष्ट्रीय अध्यक्षांना देण्यात येत आहेत" असा एका ओळीचा ठराव मांडला जातो, सूचक एका गटाचा, अनुमोदक दुसऱ्या गटाचा, आणि टाळ्या. मग नाव दिल्लीहून येतं. पवारांच्या पक्षात निर्णय पवारांचा, घोषणा बैठकीत, आणि तीही टाळ्यांच्या गजरात. शिवसेनेच्या दोन्ही बाजूंना प्रदेशाध्यक्ष ही भानगडच नाही. तिथे पक्षप्रमुख किंवा मुख्य नेता असतो, आणि जिल्हाप्रमुखापर्यंतची नावं वरून उतरतात.

"एकमताने निवड" हे शब्द वाचले की मी एकच बघतो: नियुक्तीपत्रावर खाली सही कुणाची आहे. निवडणारा तोच. वरचं सगळं वाजंत्री.

५. मग निरीक्षक कशाला येतात? त्यांच्यापुढे जे नाव सांगतो त्याचं काय होतं?

निरीक्षक म्हणजे नेता नेमण्याआधी चाचपणी करायला वरून पाठवलेली माणसं. ते यायचे म्हणजे आदल्या रात्रीपासून फोन सुरू. मी अशी एक बैठक विश्रामगृहात बसून बघितली आहे. पक्ष कोणता ते सोडा. निरीक्षक आतल्या खोलीत, बाहेर व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये भडंगाच्या कागदी डिश. पाच-पाच जणांना आत बोलवायचे. आत गेलेला माणूस दोन मिनिटांत बाहेर यायचा आणि बाहेरचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. कुणाचं नाव सांगितलं हे कुणीच बोलत नव्हतं, पण तालुक्याच्या क्रमाने माणसं आत जात असल्यामुळे हिशोब सगळ्यांनाच लागत होता.

निरीक्षक तीन गोष्टी टिपतात. नाव, ते नाव सांगणारा कुणाचा माणूस, आणि "हे नाव आलं तर कोण पक्ष सोडेल?" तिसऱ्या रकान्याला सगळ्यात जास्त वजन. म्हणून तर पुष्कळदा सर्वांना आवडणारा नव्हे, तर कुणालाच फार न खुपणारा माणूस अध्यक्ष होतो. हा बंद लिफाफा वर जातो आणि तो बांधील नसतो. तुमचं नाव वाया गेलं असं नाही, फक्त ते मत नव्हतं, माहिती होती.

त्या दिवशी एका इच्छुकाने साताऱ्याहून कंदी पेढ्यांचे बॉक्स आणून गाडीच्या डिकीत ठेवले होते. घोषणा सात आठवड्यांनी झाली, दुसऱ्याच्या नावाची.

६. मी वीस वर्षं सदस्यत्वाची पावती फाडतोय. राष्ट्रीय अध्यक्षासाठी मला मत आहे का?

थेट नाही. काँग्रेसमध्ये मत असतं ते प्रदेश प्रतिनिधीला, आणि ब्लॉकमागे असा एक प्रतिनिधी असतो. घटनेप्रमाणे ब्लॉकमधल्या सदस्यांनी तो निवडायचा. प्रत्यक्षात नावं "ठरतात". अर्ज भरायला दहा प्रतिनिधींच्या सह्या पुरतात.

तरीही मतदान झालं की ते खरं असतं, हेही सांगायला पाहिजे. १९९७ मध्ये शरद पवार अध्यक्षपदाला उभे होते. सीताराम केसरींना ६,२२४ मतं, पवारांना ८८२, राजेश पायलटांना ३५४. २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गेंना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मतं पडली, ४१६ बाद झाली. जेमतेम दहा हजार माणसांचा मतदारसंघ. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या साखर कारखान्याचे सभासदसुद्धा याहून जास्त भरतील.

७. भाजपमध्ये तरी निवडणूक होते ना?

कार्यक्रम लागतो. बूथ, मंडल, जिल्हा, प्रदेश असा क्रम, आणि किमान निम्म्या राज्यांतल्या संघटनात्मक निवडणुका झाल्याशिवाय राष्ट्रीय अध्यक्षाची निवड होत नाही. राष्ट्रीय अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पंधरा वर्षांचं सदस्यत्व लागतं. पण शेवटी अर्ज एकच येतो. जुलै २०२५ मध्ये रवींद्र चव्हाण प्रदेशाध्यक्ष झाले तेही बिनविरोध. फरक इतकाच की काँग्रेसमध्ये ठराव एका ओळीचा, इथे अर्ज एकाचा.

८. जो स्वतः निवडणुकीत पडला त्यालाच प्रदेशाध्यक्ष कसं करतात? कोरेगावकर नेहमी विचारतात.

करता येतं. नियमाची आडकाठी नाही, कारण ही खुर्ची संघटनेची आहे (प्रश्न १). आणि यात आपला जिल्हा थेट गुंतलेला आहे म्हणून जरा सविस्तर.

जयंत पाटील २०१८ पासून राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष. वाळव्याचा माणूस, इस्लामपूर (आता ईश्वरपूर) सलग जिंकणारा. २०२४ ला पक्षाला राज्यात दहा जागा मिळाल्या आणि त्यांचं स्वतःचं मताधिक्यही घसरून तेरा हजारांच्या आसपास आलं. जून २०२५ मध्ये पुण्यात पक्षाच्या वर्धापनदिनाला ते भर कार्यक्रमात म्हणाले की आता नव्यांना संधी द्या. १५ जुलैला शशिकांत शिंदे प्रदेशाध्यक्ष झाले. कृष्णाकाठच्या एका जिल्ह्यातून खुर्ची शेजारच्या जिल्ह्यात गेली, एवढाच काय तो भूगोल बदलला.

शिंदे जावळीचे, माथाडी कामगारांच्या संघटनेतून वर आलेले. कोरेगाव २०१९ ला गेलं, २०२४ ला पुन्हा गेलं, मध्ये सातारा लोकसभाही गेली. पण लोकसभेचा हिशोब बघा. उदयनराजेंचं मताधिक्य ३२,७७१. त्याच निवडणुकीत 'पिपाणी' चिन्हावरच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं. शिंदेंचं चिन्ह 'तुतारी फुंकणारा माणूस'. कार्यकर्ते अजून म्हणतात, माणूस पडला नाही, पिपाणीने पाडला. सगळी मतं चुकूनच गेली असं मी म्हणणार नाही, पण पक्षाला तो पराभव नेत्याच्या खात्यावर मांडावासा वाटला नाही हे समजण्यासारखं आहे.

शिवाय स्वतःचा मतदारसंघ नसलेला माणूस राज्यभर फिरायला मोकळा असतो. सत्ता नसलेल्या पक्षाला फिरणारा लागतो.

९. गटनेता निवडायला आमदार मतदान करतात का? आणि दोनच आमदार असतील तर?

रीतीप्रमाणे आमदारांची बैठक होते, ठराव होतो आणि पत्र विधानसभा अध्यक्षांकडे जातं. पण शिवसेनेच्या फुटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला स्पष्ट केलं की गटनेता आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, आमदारांच्या गटाचा नाही. म्हणजे बहुसंख्य आमदारांनी एक नाव धरलं आणि पक्षाने दुसरं, तर पक्षाचं नाव खरं. (मग "पक्ष" कोण, हे प्रश्न १३ मध्ये.)

दोन आमदार असले तर एक गटनेता, दुसरा प्रतोद. एकच असला तर सगळं तोच. पक्षादेशही स्वतःलाच काढायचा.

१०. २०२४ नंतर विधानसभेला विरोधी पक्षनेता का मिळाला नाही?

या पदासाठी पक्षाकडे सभागृहातल्या दहा टक्के जागा लागतात असं धरलं जातं. २८८ चे दहा टक्के म्हणजे २९. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे २०, काँग्रेसचे १६, पवारांच्या राष्ट्रवादीचे १०. एकालाही २९ गाठता आले नाहीत. ठाकरेंच्या पक्षाने भास्कर जाधवांचं नाव मार्च २०२५ मध्ये दिलं, पण मान्यतेचा शिक्का अध्यक्षांच्या हातात.

दहा टक्क्यांची अट कायद्यात लिहिलेली नाही. महाराष्ट्राचा १९७८ चा वेतन-भत्त्यांचा कायदा म्हणतो, विरोधातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचा नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे असा. दहा टक्के हा लोकसभेतून आलेला पायंडा. २०१४ ला काँग्रेसला ४४ जागा म्हणून तिथेही पद मिळालं नाही. आणि २०१५ मध्ये दिल्लीत ७० पैकी फक्त तीन आमदार असलेल्या भाजपला ते पद मिळालं. द्यायचं असलं की तीन पुरतात.

११. पूर्वी असं नव्हतं म्हणतात. वसंतदादा-यशवंतरावांच्या वेळी काय व्हायचं?

हा प्रश्न बहुतेक साठीच्या पुढचे वाचक विचारतात, आणि मला सगळ्यात आवडतो.

१९७७. आणीबाणीनंतरची लोकसभा. इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, पक्षाचा सभागृहातला नेताच राहिला नाही. तेव्हा काँग्रेसच्या संसदीय पक्षाने निवडलं साताऱ्याच्या खासदाराला. यशवंतराव चव्हाण लोकसभेतले विरोधी पक्षनेते झाले. मे महिन्यात पक्षाध्यक्षपदासाठी खरोखरचं मतदान झालं आणि सिद्धार्थ शंकर रे यांना हरवून ब्रह्मानंद रेड्डी निवडून आले.

इकडे राज्यात काँग्रेसला ४८ पैकी २० जागा. पराभवाचं खापर मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांवर फुटलं आणि त्याच मे महिन्यात सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. निवडणूक दिल्लीची, खुर्ची गेली मुंबईत. दोन-तीन महिन्यांत पराभूत पक्षाच्या दोन मोठ्या जागा सातारा आणि सांगलीकडे आल्या.

पण "पूर्वी सगळं छान होतं" हे मात्र खरं नाही. जानेवारी १९७८ मध्ये पक्ष फुटला. इंदिरा काँग्रेसचं लोकसभेतलं बळ जास्त झाल्यावर एप्रिलमध्ये विरोधी पक्षनेतेपद यशवंतरावांकडून सी. एम. स्टीफन यांच्याकडे गेलं. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले आणि दादांचं सरकार कोसळलं. त्या दोन वर्षांत जे जे झालं ते सगळं नंतर पुन्हा पुन्हा झालेलं आहे, नावं तेवढी बदलली.

१२. साताऱ्यात विरोधकांचा एकही आमदार नाही. मग जिल्ह्यात नेता कुणाला म्हणायचं?

कागदोपत्री जिल्हाध्यक्षाला. व्यवहारात मात्र ज्याच्या हातात कारखाना, बँक, बाजार समिती किंवा शिक्षण संस्था त्याच्याकडे माणसं जातात. २०२४ ला कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण आणि उत्तरेत बाळासाहेब पाटील दोघेही पडले, पण म्हणून त्यांच्या घरासमोरच्या चपला कमी झाल्या नाहीत. जिल्हाध्यक्ष बदलण्याचा अधिकार प्रदेशाचा. नवा प्रदेशाध्यक्ष आला की जिल्हाध्यक्षपदं आपोआप रिकामी होत नाहीत, तो वेगळी पत्रं काढेपर्यंत जुनेच चालू.

१३. नवा नेता पटला नाही म्हणून काही आमदारांनी वेगळा गट केला तर चालतं का?

२००३ पर्यंत एक तृतीयांश आमदार घेऊन फुटता येत होतं. ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. आता राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत (म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात) दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीन होणं एवढीच सोय उरली. "आम्ही वेगळे बसतो" याला संरक्षण नाही.

म्हणून आता कुणी "फुटलो" म्हणतच नाही. "आम्हीच पक्ष" म्हणतात. मग भांडण निवडणूक आयोगाकडे १९६८ च्या चिन्हांच्या आदेशाखाली जातं, आणि आमदार-खासदारांचं संख्याबळ बघून चिन्ह दिलं जातं. ६ फेब्रुवारी २०२४ ला घड्याळ अजित पवारांच्या गटाला मिळालं ते असंच. हरलेल्या पक्षातल्या नेतेनिवडीत वरचे लोक एवढे जपून का पावलं टाकतात, याचं कारण हे आहे.

१४. पक्षाने स्वतःची घटना धाब्यावर बसवून नेता नेमला. तक्रार कुठे करू?

आयोगाला पत्र लिहू शकता, पोच मिळेल. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली पक्षाची नोंदणी होते, पण पक्षांतर्गत निवडणूक नीट झाली नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो फार थोड्या अपवादांपुरता ठेवला.

पक्षघटना निरुपयोगी मात्र समजू नका. भांडण लागलं की तीच बाहेर येते. शिवसेनेच्या वेळी २०१८ ची घटना धरायची की १९९९ ची, यावर पान-पान लिहिलं गेलं. शांततेच्या काळात ती कपाटात, फाटाफुटीच्या काळात ती टेबलावर.

१५. अध्यक्ष बदलला. जुन्या अध्यक्षाने दिलेला एबी फॉर्म चालतो का?

ए फॉर्ममध्ये पक्ष कळवतो की उमेदवारी देण्याचा अधिकार कुणाला आहे, त्याच्या सहीच्या नमुन्यासह. बी फॉर्मवर त्या माणसाची सही असते. तेव्हा प्रश्न अध्यक्ष कोण हा नसून, अधिकाऱ्याकडे असलेल्या ए फॉर्मवर नाव कुणाचं आहे हा आहे. दोन्ही फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचले पाहिजेत. सही शाईची हवी. झेरॉक्स, फॅक्स, रबरी शिक्का चालत नाही. एकाच जागेला दोघांना बी फॉर्म गेला आणि आधीचा रद्द केल्याचं कळवलं नाही, तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला तो पक्षाचा उमेदवार. हे विधानसभा-लोकसभेचं. झेडपी, पंचायत समिती आणि नगरपालिकेला राज्य निवडणूक आयोगाचे वेगळे आदेश असतात, त्या निवडणुकीचं परिपत्रक काढून वाचा.

शाईच्या सहीचं मनावर घ्या. एका निवडणुकीत नव्या नेत्याने रात्री उशिरा दिलेला फॉर्म घेऊन एक पोरगा मोटारसायकलवरून धापा टाकत आला होता. अधिकाऱ्यांनी कागद उजेडात धरला, बोट जिभेला लावून सहीवरून फिरवलं. शाई पसरली नाही. रंगीत प्रिंट होती. घड्याळात पावणेतीन वाजले होते आणि सही करणारे साहेब मुंबईत.